पाव्हणा की गिऱ्हाईक : परदेशी पर्यटनाविषयी निलंग्यातील एक पूर्वपक्ष-उत्तरपक्ष

आंतरराष्ट्रीय पर्यटनापासून यजमान देशाला काय मिळते आणि त्यासाठी काय गमवावे लागते, हा प्रश्न बहुधा अशा ठिकाणी विचारला जातो की जेथे पर्यटक आधीच येऊन बसलेले असतात, आणि म्हणून त्याच्या उत्तराला एकतर जाहिरातीचा सूर लागतो किंवा पश्चात्तापाचा. लातूर जिल्ह्यातील निलंगा हे तालुक्याचे गाव या दोन्हींपासून अजून दूर आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या या गावात बाराव्या-तेराव्या शतकातील नीलकंठेश्वराचे मंदिर आहे. त्याचे विधान तारकाकृती आहे, म्हणजे त्याची बाह्यरेषा ताऱ्याच्या कोनांप्रमाणे आत-बाहेर मोडत जाते, आणि आत शिवलिंगाबरोबर विष्णू व हरगौरी यांच्याही मूर्ती आहेत. शेजारच्या औसा तालुक्यात खरोशाच्या डोंगरात सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली लेणी आहेत. तरीही परदेशी माणूस येथे क्वचितच येतो, आणि येथे पर्यटनाचा विचार निर्णयाच्या आधी करण्याची सोय अजून शिल्लक आहे.

हा विचार मांडण्यासाठी शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांची जुनी रीत येथे स्वीकारली आहे. तीत आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचे असते आणि मगच त्याला उत्तर द्यायचे असते. दोन्ही वक्ते कल्पित आहेत. पूर्वपक्ष इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंचा असून परदेशी पर्यटक निलंग्यापर्यंत यावेत असे त्यांचे मत आहे, तर उत्तरपक्ष अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा असून त्यांना गावात सगळे ‘सर’ म्हणतात. सामान्यतः अर्थशास्त्राकडून पर्यटनाचे समर्थन आणि इतिहासाकडून धोक्याची सूचना अपेक्षित असते. येथे ते उलटे आहे, कारण ज्याला हिशेब येतो त्यालाच हिशेबातली भोके आधी दिसतात.

बाई : सर, २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले आणि त्यांच्यापासून देशाला सुमारे २ लाख ११ हजार कोटी रुपयांचे परकीय चलन मिळाले. कापूस किंवा साखर परदेशी पाठवायची तर ती जहाजावर चढवावी लागते; येथे गिऱ्हाईक स्वतःच्या खर्चाने दारात येते, आणि म्हणूनच तुमच्या शास्त्रात पर्यटनाला अदृश्य निर्यात म्हणतात. शिवाय त्याने खर्च केलेला रुपया एका हातात थांबत नाही. खानावळवाला भाजीवाल्याला देतो, भाजीवाला शेतमजुराला देतो, आणि मूळ रुपयापेक्षा एकूण उत्पन्न मोठे होते, यालाच गुणक परिणाम म्हणतात. लातूर जिल्ह्यात सोयाबीन, तूर, ऊस आणि खासगी शिकवण्या यांपलीकडे रोजगार तो कितीसा आहे?

सर : बाई, गुणक खरा आहे, पण तो आधीच्या एका वजाबाकीवर अवलंबून असतो आणि त्या वजाबाकीला गळती म्हणतात. पर्यटकाने केलेल्या खर्चातून जो भाग यजमान ठिकाणी न थांबता बाहेर निघून जातो, तो म्हणजे गळती. विमानाचे भाडे परदेशी कंपनीकडे, खोलीच्या नोंदणीवरची दलाली परदेशी संकेतस्थळाकडे, हॉटेलच्या नावाचे शुल्क मूळ साखळीकडे जाते, आणि जेवणाच्या टेबलावरची दारू व चीजही बाहेरूनच आलेली असते. जे उरते त्यावर गुणक चालतो. आणि २ लाख ११ हजार कोटींचा आकडा देशाच्या वहीतला आहे. देशाची वही वेगळी आणि गावाची वही वेगळी. देशाच्या वहीत जमेला परकीय चलन पडते, तर गावाच्या वहीत खर्चाला पाणी, कचरा, रस्ता आणि चढे भाडे पडते, आणि या दोन वह्या कधी एकत्र बेरजेला घेतल्या जात नाहीत.

या युक्तिवादातील दोन वह्यांचा मुद्दा पुढील साऱ्या चर्चेचा कणा आहे, कारण ‘यजमान देश’ हा शब्दच थोडा फसवा आहे. यजमानपण देश करीत नाही; ते एखादा समुद्रकिनारा, एखादी गल्ली, एखादी विहीर करते. परदेशी पर्यटक कोणास म्हणायचे, हेही येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारत सरकारच्या गणनेत ज्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र आहे तो परदेशी, मग त्याचे आजोळ लातुरात का असेना. त्यामुळे कॅनडाचा नागरिक झालेला पंजाबी भाविक आणि पाठीवर पिशवी घेऊन फिरणारा जर्मन तरुण हे दोघे एकाच रकान्यात बसतात.

बाई : मग ज्या ठिकाणी दोन्ही वह्या उपलब्ध आहेत असे ठिकाण घेऊ. गोवा.

सर : गोव्याचे उदाहरण तुमच्या बाजूने जाणार नाही. १९८७ मध्ये जर्मनीहून सहलीच्या खास विमानांची सुरुवात झाली आणि त्याच सुमारास जागृत गोंयकारांची फौज या संघटनेने त्या पर्यटनाविरुद्ध निदर्शने केली. त्या वेळी पुष्कळांना तो आडमुठेपणा वाटला. पण त्यांचे आक्षेप एकेक करून तपासावेत. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी, भरतीरेषेपासून पाचशे मीटरच्या आत बांधकाम, रापणकार मच्छीमारांची होडी ओढायची जागा, आणि गोव्याच्या संस्कृतीचे जाहिरातीतले बाटलीबंद रूप, यांपैकी कोणता आक्षेप आज कालबाह्य ठरला आहे? २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आहे आणि २०१९ मध्ये तेथे देशी-परदेशी मिळून सुमारे ऐंशी लाख पर्यटक आले.

बाई : त्या ऐंशी लाखांत परदेशी नऊ लाखांच्या आसपासच होते. कचऱ्याचा ढीग पारपत्र पाहून वाढत नाही, सर. मुंबई-पुण्याहून आणि आपल्या लातुरातून शनिवार-रविवारी जाणाऱ्या गाड्यांचे पापही परदेशी माणसाच्या माथी मारणे योग्य नाही.

बाईंचा हा प्रतिवाद मान्य करावा लागतो, आणि मराठी वाचकाने तो जरा अधिकच मनावर घ्यावा असा आहे. तथापि सरांचा खरा रोख संख्येपेक्षा अवलंबित्वावर होता. गोव्यातील परदेशी पर्यटकांची संख्या करोनाच्या साथीत २०१९ मधील नऊ लाखांवरून २०२१ मध्ये सुमारे बावीस हजारांवर आली. देशपातळीवर हीच घसरण २०२० मध्ये १ कोटी ९ लाखांवरून २७ लाखांच्या आसपास अशी दिसते. त्याआधी २०१४ नंतर रशियाच्या रूबलचे मूल्य कोसळले, तेव्हा गोव्यातील मोरजीच्या किनाऱ्यावरच्या रशियन भाषेतल्या पाट्या तशाच राहिल्या आणि गिऱ्हाईक रोडावले. शेतीत पाऊस हाती नसतो हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. पण ढग निदान दिसतात. मॉस्कोतल्या चलनबाजारात काय शिजते आहे, हे किनाऱ्यावर खाटा मांडणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही.

बाई : गोवा बाजूला ठेवू, कारण समुद्रकिनाऱ्याला पर्यटकांची गरज नव्हती. लेण्यांना मात्र होती. अजिंठा घ्या. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ती लेणी पडली नसती आणि पुढे जगाचे लक्ष तिकडे वळले नसते, तर १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला असता का? जपानच्या आर्थिक साहाय्याने १९९० च्या दशकापासून त्या परिसरात रस्ते, पाणी आणि संवर्धन यांची कामे झाली. अजिंठ्यात बुद्धाला वंदन करायला येणारा जपानी किंवा थाई भाविक नसता, तर हे झाले असते का? परदेशी डोळ्यांनी पाहिल्याखेरीज आपल्याला आपले दगड दिसत नाहीत, हे कटू आहे पण खरे आहे. खरोशाच्या लेण्यांचा खडक जांभ्यासारखा झिजणारा आहे. तेथे कैलास हलवणारा रावण आहे, नरसिंह आहे, आणि दर पावसाळ्यात त्यांची बोटे, ओठ थोडे थोडे जात आहेत. त्यांना कोणी पाहत नाही म्हणून ते सुरक्षित आहेत असे म्हणायचे का?

सर : जपानचे ते साहाय्य कर्जाच्या रूपातले होते, बाई, ते फेडायचे असते. पण तुमचा मुद्दा मोठा आहे, म्हणून त्याला अजिंठ्यातूनच उत्तर देतो. निजामाच्या सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रांच्या संवर्धनासाठी बोलावले. त्यांनी भिंतीवरून सुटणारे गिलाव्याचे पापुद्रे घट्ट बसवले आणि पुष्कळ चित्रे त्यामुळे वाचली. पण त्यांनी वर जे लाखेचे रोगण दिले ते काळाबरोबर पिवळे-काळे पडत गेले आणि पुढच्या पिढ्यांना ते उतरवत बसावे लागले. परदेशी लक्ष हे त्या रोगणासारखे असते. पापुद्रा धरून ठेवते आणि रंग बदलून टाकते.

बाई : उपमा सुरेख आहे, पण रोगण दिले नसते तर पापुद्रा खाली पडला असता, आणि पडलेल्या पापुद्र्याचा रंग कोणता होता यावर वाद घालायला कोणी उरले नसते.

या ठिकाणी पूर्वपक्ष वरचढ ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. अजिंठ्याने पुढे जो मार्ग काढला तोही बाईंच्या बाजूने बोलतो. बंद लेण्यांत माणसांच्या श्वासातील बाष्प आणि कार्बन डाय-ऑक्साइड साठून चित्रांना इजा होते, हे लक्षात आल्यावर काही लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसेच सोडण्याचा आणि फ्लॅशबंदीचा नियम आला, आणि खासगी वाहने लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या फाट्यावर थांबवून पुढे कमी प्रदूषण करणाऱ्या बसने जाण्याची व्यवस्था झाली. एखादे ठिकाण स्वतःचे मूळ रूप न गमावता किती माणसांचा भार सोसू शकते, या मर्यादेला धारणक्षमता म्हणतात. ती तात्त्विक कल्पना फर्दापूरच्या फाट्यावर गाडीतून उतरताना पायांना कळते. अर्थात फाट्यावरच्या बाजारात स्फटिक आणि माळा घेऊन मागे लागणारे विक्रेते हाही त्याच व्यवस्थेचा भाग आहे. त्यांना उपद्रव म्हणायचे की रोजगार, हे पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे त्यावर ठरते.

सर : अजिंठा दूर आहे, आपल्या अंगणातले उदाहरण नांदेडचे. गुरू गोबिंदसिंघजींनी १७०८ मध्ये जेथे देह ठेवला, तेथे महाराजा रणजितसिंघांच्या काळात, १८३० च्या दशकात, सचखंड श्री हुजूर साहिब उभे राहिले. आज तेथे कॅनडा, इंग्लंड, अमेरिका येथून भाविक येतात. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचे रस्ते, घाट आणि विमानतळ यांचा कायापालट झाला.

बाई : म्हणजे तुम्ही आता माझा पक्ष मांडत आहात!

सर : अर्धा. कारण नांदेडचा भाविक पर्यटनशास्त्राच्या चौकटीत नीट बसत नाही. तो लंगरमध्ये जेवतो आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. उलट तो स्वतः भांडी घासतो, पोळ्या लाटतो, आणि मनात येईल तेवढे दान ठेवतो. तेथे गळती उलट दिशेला वाहते, व्हँकुव्हरकडून गोदावरीकडे. आपल्याकडे ‘अतिथी देवो भव’ हे वचन सरकारने पर्यटनाच्या प्रचारासाठी वापरले; पण ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी त्या शब्दाची परंपरागत फोड आहे. ज्याची येण्याची तारीख, परतीचे तिकीट आणि न्याहारीसह खोलीचे भाडे सहा महिने आधी ठरलेले असते तो अतिथी कसा? तो गिऱ्हाईक. त्यात कमीपणा नाही, पण मग व्यवहार व्यवहारासारखा करावा, देवाला मध्ये आणू नये. नांदेडला पाव्हणा येतो; गोव्याला गिऱ्हाईक येते.

पाव्हणा आणि गिऱ्हाईक हा भेद आकर्षक असला तरी तो जरा बेतानेच घ्यावा लागतो, कारण नांदेडमध्येही रिक्षा, लॉज, किरपाणी-कड्यांची दुकाने आणि जमिनीचे भाव हे सगळे व्यवहारच आहेत. शिवाय पाव्हणा असला तरी संकटात तो यजमानाच्याच गळ्यात पडतो. २०२० च्या टाळेबंदीत पंजाबचे सुमारे चार हजार भाविक महिनाभराहून अधिक काळ नांदेडमध्ये अडकून पडले, तेव्हा त्यांच्या अन्न-निवाऱ्याचा भार गुरुद्वाऱ्याने उचलला. ज्या किनारी हॉटेलांतील खोली पैसे संपताच रिकामी करावी लागते, तेथे हे घडले असते का, हा प्रश्न मात्र सरांच्या बाजूने उरतो. आणखी एक गोष्ट निलंग्याच्या दृष्टीने बोलकी आहे. नांदेडला आलेले भाविक पुढे बिदरच्या नानक झिरा साहिबला जातात, उदगीरमार्गे लातूर जिल्हा ओलांडतात, आणि जिल्ह्यात थांबत नाहीत.

बाई : तेच तर म्हणणे आहे. ते ओलांडून जातात. दोन तास थांबवले तरी नीलकंठेश्वर पाहून होईल.

सर : थांबवून त्यांना काय दाखवणार, यापेक्षा आपण त्यांना काय दिसणार, याची काळजी अधिक वाटते. ३० सप्टेंबर १९९३ नंतर या भागाने बाहेरच्यांची नजर अनुभवली आहे. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली आणि मदतीला आलेल्यांबरोबर नुसते पाहायला आलेल्यांचीही रीघ लागली. मदतीचे ऋण मोठे आहे. पण ढिगाऱ्यापुढे बसलेल्या म्हातारीचा फोटो काढण्याआधी तिला विचारले गेले नाही, हेही या भागातले लोक विसरलेले नाहीत. जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये स्थानिकांच्या मनःस्थितीच्या चार पायऱ्या सांगितल्या : आधी उत्साह, मग उदासीनता, मग चीड आणि शेवटी वैर. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनातील रहिवाशांनी उपाहारगृहांत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या, ती चौथी पायरी.

बाई : निलंगा पहिल्या पायरीवरही नाही, सर. चौथीच्या भीतीने पहिली चढायचीच नाही, असे म्हटले तर मुलगी नांदायला जाईल तेव्हा सासुरवास होईल म्हणून तिचे लग्नच करू नये असे होईल. चौथ्या पायरीला पोचण्याआधी दाराला कडी घालणारे देशही आहेत. भूतानने भारतीय वगळता इतर परदेशी पाहुण्यांकडून दर रात्रीमागे घ्यायचे शुल्क २०२२ मध्ये २०० डॉलर केले. लोक फार घटले तेव्हा २०२३ मध्ये ते १०० डॉलरवर आणले. किंमत हीच तेथे कडी आहे, आणि ती गरजेप्रमाणे वर-खाली करता येते.

सर : भूतानला ती कडी घालता येते कारण सीमा त्याच्या हाती आहे. निलंगा नगरपरिषदेच्या हाती कोणती सीमा आहे? फार तर वाहनतळाची पावती.

नेमक्या या बिंदूवर दोन्ही पक्षांचे एकमत होते, जरी दोघेही तसे म्हणत नाहीत. पर्यटनाच्या अटी ठरवण्याचा अधिकार देशाच्या पातळीवर एकवटलेला असतो आणि त्याचा भार सोसण्याची पाळी गावाच्या पातळीवर येते. व्हिसाचे शुल्क, विमानतळ, वस्तू व सेवा कर आणि जाहिरात यांत गावाला आवाज नाही. २०२४ मध्ये व्हेनिसने दिवसभरासाठी येणाऱ्यांवर पाच युरोंची प्रवेशपट्टी लावली, तेव्हा एका शहराने स्वतःची वही स्वतः लिहायला घेतली असे म्हणता येईल, मग त्या पट्टीने गर्दी कितीही थोडी हटलेली असो. मराठी मुलखात असा अधिकार कोणत्या ग्रामपंचायतीला अथवा नगरपरिषदेला मिळेल, हा प्रश्न पर्यटनाच्या धोरणांत क्वचितच विचारला जातो. तेथे भर असतो तो गुंतवणूकदाराला मिळणाऱ्या सवलतींवर.

यानंतर बाईंनी वाद तत्त्वावरून हिशेबावर आणला. एक परदेशी माणूस एक दिवस निलंग्यात आला तर त्याचा रुपया कोठे कोठे थांबेल, याची यादी त्यांनी मांडायला घेतली. लातूरहून केलेल्या गाडीचे भाडे बहुतांशी डिझेलवर जाते, म्हणजे ते गळतीत धरावे. मंदिरात तिकीट नाही. जेवण मात्र जवळजवळ पूर्ण येथले होऊ शकते. बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच, ही दोन्ही निलंगा तालुक्यातली, आणि दोन्हींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे त्या नावाने विकायचा माल त्याच भागात पिकलेला असला पाहिजे, अशी कायद्याची हमी त्यामागे आहे. पर्यटक एकही न येता ‘निलंगा राईस’ हे नाव मात्र लातूर-पुण्याच्या हातगाड्यांवर जाऊन पोचले आहे, हा त्यातला एक विनोदी तपशील. गावाचे नाव बाहेर गेले, गावाचा गल्ला गेला नाही.

सर : जेवणापर्यंत यादी ठीक आहे. आता मुक्काम धरा, कारण खरा पैसा रात्रीच्या मुक्कामात असतो, आणि मुक्कामाबरोबर पाण्याचा रकाना येतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते आणि ते पाहायला स्टेशनवर गर्दी झाली होती. ज्या जिल्ह्यात पाण्याची गाडीच प्रेक्षणीय ठरते, तेथे आंघोळीच्या टबाचे हॉटेल कोणत्या तोंडाने बांधायचे?

बाई : टब नको. आणि उन्हाळा तर नकोच. दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंत, साडेतीन-चार महिनेच पाहुणे घ्यायचे. तेव्हा मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात पाणी असते, तुरी शेंगांना आलेल्या असतात, हवा चांगली असते.

सर : लॉजच्या कर्जाचा हप्ता चार महिने भरून चालत नाही, तो बारा महिने भरावा लागतो. मग उरलेले आठ महिने लॉजवाला गिऱ्हाईक ओढूनच आणणार, मेमध्येसुद्धा.

बाई : म्हणून लॉज नको. राज्याच्या पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारी योजना आहे; राहत्या घरातल्या रिकाम्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या. कर्ज नाही, म्हणून हप्ता नाही. चार महिने खोली पाहुण्याची, आठ महिने घराची. पैसा थेट घरात, गळती जवळजवळ नाही.

सर : ज्याच्या घरात जास्तीची खोली आहे, त्याच्या घरात. गावात पाणी मात्र सगळ्यांचे एकाच टाकीतून येते.

बाईंनी यादीतल्या मुक्कामाच्या ओळीपुढे जमेचा आकडा लिहिला, आणि पाण्याचा रकाना कोणाच्या नावावर टाकायचा ते न ठरल्याने तो मोकळाच ठेवला.